कपाळाला आठी पडते का? चेहऱ्यामागच्या बारा नसांची ओळख

कापूस वेचणीचे दिवस होते. सकाळी नऊच्या सुमारास आमच्या आरोग्य केंद्रात एका बाईला दोघं जण धरून घेऊन आले. खरं तर धरायची गरज नव्हती, ती आपल्या पायांनी नीट चालत होती. पण मुलगा रडकुंडीला आला होता. "मॅडम, मायले लकवा मारला," एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता.

बाईनं तोंडावर पदर धरला होता. तो बाजूला केला तेव्हा दिसलं, तोंड डावीकडे ओढलं गेलंय, उजवा गाल सैल पडलाय आणि उजवा डोळा उघडाच आहे. "सकायी चूळ भरली तं पानी एका बाजूनं गळाले लागलं," ती म्हणाली. ओठ साथ देत नव्हते, पण शब्द न् शब्द कळत होता.

मी तिला आधी एवढंच सांगितलं, "काकू, मान न हलवता वर छताकडे पाहा." डाव्या कपाळावर आठ्या पडल्या. उजवं कपाळ सारवलेल्या भिंतीसारखं सपाट राहिलं. मग दोन्ही हात पुढे धरायला लावले, डोळे मिटून. उजवा डोळा मिटेना, पण हात दोन्ही सारखे राहिले, एकही खाली आला नाही. चालणं सरळ, बोलण्यात गोंधळ नाही, एकाचे दोन दिसत नाहीत. माझ्या जिवात जीव आला.

मुलाला ते कळेना. कपाळसुद्धा लुळं पडलंय आणि मॅडम म्हणतात घाबरू नका? त्याचा हिशेब सरळ होता, जितका भाग जास्त गेला तितका आजार मोठा. चेहऱ्याच्या बाबतीत मात्र हा हिशेब उलटा पडतो. कपाळ चालू आणि फक्त तोंड वाकडं, तर मला जास्त धास्ती वाटते. असं का, हे त्या मुलाला मी पाच मिनिटांत सांगितलं होतं. इथे जरा निवांत सांगते.

नस म्हणजे कोणती नस

आधी एका शब्दाचा घोळ सोडवू. सलाइन लावताना सिस्टर शोधते तीही नस, आणि "नस दबली" म्हणून माणूस कंबर धरून येतो तीही नस. पहिली रक्ताची नळी. दुसरी संदेश वाहून नेणारी तार, म्हणजे मज्जातंतू. या लेखात नस म्हणजे ही दुसरी. ती नळीसारखी पोकळ नसते. पांढरट दोरीसारखी असते आणि तिच्या आत केसाहून कितीतरी बारीक असे हजारो तंतू एकत्र बांधलेले असतात. काही तंतू मेंदूचा हुकूम स्नायूंपर्यंत नेतात, काही बाहेरची खबर मेंदूकडे आणतात.

हातापायांच्या आणि धडाच्या अशा नसा पाठीच्या कण्यातून निघतात. त्यांच्या ३१ जोड्या. डोकं, चेहरा, जीभ, घसा यांचा कारभार मात्र वेगळा आहे. त्यांच्यासाठी १२ जोड्या कवटीच्या तळाशी असलेल्या छिद्रांतून आणि फटींतून ये-जा करतात. पुस्तकी मराठीत त्यांना कर्पर चेता म्हणतात. कर्पर म्हणजे कवटी. मेंदू पालथा करून खालून पाहिला तर कपाळाकडून मानेकडे जाताना त्या ज्या क्रमानं दिसतात, त्या क्रमानं त्यांना नंबर दिलेले आहेत.

हे १२ सुद्धा एका दिवसात ठरले नाहीत. रोमन काळातला वैद्य गेलन यानं सातच जोड्या सांगितल्या होत्या. इंग्लंडच्या थॉमस विलिसनं १६६४ मध्ये मेंदूवर मोठा ग्रंथ लिहिला, तरी त्यानं सातवी आणि आठवी मिळून एकच जोडी धरली. त्याची चूक समजण्यासारखी आहे. या दोन्ही नसा कानामागच्या हाडात एकाच बोळातून शिरतात, शेजारी शेजारी. अखेर १७७८ मध्ये सोमरिंग नावाच्या तेवीस वर्षांच्या जर्मन विद्यार्थ्यानं आपल्या प्रबंधात आज आपण वापरतो ती बाराची मोजणी केली. पहिल्या वर्षाला असताना ती बारा नावं पाठ करताना मला घाम फुटला होता. पुढे गावात काम करायला लागल्यावर कळलं की नावांपेक्षा प्रत्येक नसेचं काम कोणतं आणि ते बंद पडलं तर चेहऱ्यावर काय दिसतं, हे कळणं जास्त मोलाचं.

कपाळाला दोन फीडर

रात्री घरात अंधार झाला की आपण आधी काय करतो? बाहेर येऊन शेजारी लाइट आहे का ते पाहतो. शेजारी लख्ख उजेड असेल तर आपल्याच घराची वायर गेली. अख्खी आळी अंधारात असेल तर डीपीवर किंवा त्याच्याही मागे काहीतरी झालं.

चेहऱ्याचे स्नायू हलवणारी नस सातवी, फेशियल नर्व्ह. उजव्या चेहऱ्याला उजवी, डाव्याला डावी. ही झाली घरापर्यंत येणारी शेवटची वायर. हुकूम मात्र वर मेंदूतून येतो आणि तो येताना बाजू बदलतो, म्हणजे डावा मेंदू उजव्या गालाला हलवतो. कपाळाच्या बाबतीत निसर्गानं एक जास्तीची सोय केली आहे. गाल आणि ओठ यांना मुख्यतः विरुद्ध बाजूच्या मेंदूकडूनच हुकूम मिळतो, पण कपाळाला दोन्ही बाजूंच्या मेंदूंकडून मिळतो. एक फीडर बंद पडला तरी दुसऱ्यावर कपाळ चालू राहतं.

आता हिशेब जुळतो. मेंदूत रक्ताची गुठळी अडकली किंवा रक्तस्राव झाला, तर एका बाजूचा फीडर गेला. ओठ लटकतो, पण कपाळाला दुसरीकडून पुरवठा असल्यामुळे आठी पडते. हा खरा लकवा. त्यासोबत बहुधा त्याच बाजूचा हात नाहीतर पायही ढिला पडतो, बोलणं अडखळतं. उलट, नस कवटीतून बाहेर पडताना वाटेतच सुजली, तर शेवटची वायरच गेली. मग किती का फीडर असेनात, कपाळ, डोळा, गाल, ओठ, सगळी बाजू एकदम बंद. काकूंचं तसं झालं होतं.

इथे एक गोष्ट कळकळीनं सांगते. हे वाचून कुणी घरीच आठी तपासून निश्चिंत बसू नये. मेंदूच्या खालच्या देठात, जिथून ही नस उगवते तिथेच झटका आला, तर कपाळही जातं. म्हणून तोंड वाकडं झालं की दवाखाना त्याच तासाला. मेंदूच्या झटक्यात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं आणि त्याआधी सीटी स्कॅन करून रक्तस्राव नाही ना, हे पाहावं लागतं. गावातून तालुक्याला, तालुक्यातून जिल्ह्याला, असं टप्प्याटप्प्यानं गेलं तर ते साडेचार तास रस्त्यातच संपतात. १०८ ला फोन करतानाच "सीटी स्कॅनची सोय आहे तिथे न्या" असं सांगावं, आणि तोंड नेमकं किती वाजता वाकडं झालं ती वेळ लक्षात ठेवावी. दवाखान्यात पहिला प्रश्न तोच विचारला जातो.

काकूंना जे झालं त्याला बेल्स पाल्सी म्हणतात. चार्ल्स बेल या स्कॉटिश शल्यवैद्यानं १८२१ मध्ये या नसेवर शोधनिबंध वाचला, त्याच्यावरून हे नाव. सातवी नस कानामागच्या हाडातल्या एका अरुंद, वळणावळणाच्या बोगद्यातून येते. बोगदा तीनेक सेंटिमीटर लांब. नस सुजली की तिला फुगायला जागाच नसते, ती हाडाच्या भिंतीत चेंगरते. सूज बहुतेक वेळा आपल्याच शरीरात दडून बसलेल्या नागिणीच्या जातीच्या विषाणूमुळे येत असावी, असं मानलं जातं. मधुमेह असलेल्यांना आणि गरोदर बायांना हे होण्याची शक्यता जास्त. आपल्याकडे "हवा लागली" म्हणतात. पहाटे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून वेचणीला गेल्यावर असं झालं की दोष वाऱ्यालाच जातो, पण वाऱ्यानं नस सुजते याला पुरावा नाही.

काकूंनी आपणहून आणखी एक तक्रार सांगितली, आणि तिनं माझं निदान पक्कं केलं. "मॅडम, भांडं पडलं तं उजव्या कानात ठन्नकन वाजते." कानाच्या आत शरीरातला सगळ्यात छोटा स्नायू आहे, अर्धा सेंटिमीटरच्या आसपास लांबीचा. मोठा आवाज आला की तो कानातलं एक इवलं हाड ओढून धरतो आणि आवाजाला लगाम घालतो. त्याची तारही याच सातव्या नसेतून जाते. ती गेली, लगाम सुटला. जिभेच्या पुढच्या दोन तृतीयांश भागाची चव, डोळ्यातलं पाणी, जिभेखालच्या ग्रंथींची लाळ, हेही हीच नस सांभाळते. एकाच खांबावरून किती घरांना तारा गेल्या आहेत बघा.

उपचार सोपा आहे, पण वेळेत हवा. स्टेरॉइडच्या गोळ्या पहिल्या ७२ तासांत सुरू केल्या तर सूज लवकर उतरते आणि चेहरा पूर्ववत होण्याची शक्यता वाढते. तसं पाहिलं तर दहातले सातेक जण औषधाविनाही पूर्ण बरे होतात. म्हणूनच यावर झाडफूक करणाऱ्यांचं आणि कबुतराचं रक्त चोळायला सांगणाऱ्यांचं नाव होतं. नस आपोआप बरी होते आणि श्रेय कबुतराला मिळतं. उरलेल्या तिघांचे पहिले तीन दिवस त्यात वाया जातात, याचं मला फार वाईट वाटतं. औषध सुरू करण्याआधी साखर तपासावी लागते आणि कानही पाहावा लागतो. कान वर्षानुवर्षं वाहत असेल तर आतला सडका भाग या बोगद्याचं हाड पोखरतो. कानावर पाण्याचे फोड असतील तर तो नागिणीचाच प्रकार, आणि त्याचं औषध वेगळं.

या आजारात मला सगळ्यात जास्त काळजी असते ती डोळ्याची. काकूंना मी "डोळे घट्ट मिटा" म्हटलं तेव्हा उजवी पापणी अर्ध्यावर थांबली आणि फटीतून बुबुळ वर सरकलेलं, नुसता पांढरा भाग दिसला. डोळा मिटताना बुबुळ वर जाणं हे आपल्या सगळ्यांचंच होतं, एरवी पापणीआड झाकलेलं असतं इतकंच. त्या उघड्या फटीतून शेतातली धूळ आणि कापसाची कूस जाते, डोळा सुकतो, बुबुळाला जखम होते. तोंड महिन्या-दोन महिन्यांत सरळ होतं, पण बुबुळावर पडलेलं फूल राहून जातं. म्हणून दिवसा डोळ्यात थेंब, उन्हात चष्मा आणि रात्री मलम घालून पापणी कागदी चिकटपट्टीनं बंद. ती पट्टी कशी लावायची हे मी मुलाच्या हातून दोनदा करून घेतलं.

कापसाचा एक धागा

पाचव्या आणि सातव्या नसेची जोडी तपासायला डॉक्टरला कापसाचा एक धागा पुरतो. कापूस पिळून टोक बारीक करायचं, रुग्णाला एका बाजूला बघायला सांगायचं आणि दुसऱ्या बाजूनं हळूच येऊन ते टोक बुबुळाला टेकवायचं. दोन्ही डोळे फटकन मिटतात. स्पर्श कळला तो पाचव्या नसेमुळे, डोळे मिटले ते सातव्यामुळे. हा खेळ एका डोळ्यावर चुकला की कोणती तार तुटली ते कळतं. काकूंच्या उजव्या बुबुळाला धागा लागला तेव्हा डावा डोळा मिटला, उजवा नाही. म्हणजे स्पर्श पोचत होता, हुकूम परत येत नव्हता.

पाचवी, ट्रायजेमिनल, ही बारांतली सगळ्यात जाड. तिला तीन फांद्या आहेत. एक कपाळ आणि डोळ्याकडे, दुसरी गाल आणि वरच्या दातांकडे, तिसरी खालच्या जबड्याकडे. चेहऱ्यावर माशी बसली, गरम चहानं ओठ पोळला, दाढ ठणकली, या सगळ्या खबरा हिच्यामार्फत जातात. भाकर चावणारे स्नायूही तिसऱ्या फांदीवर चालतात.

हिचा एक आजार फार छळतो. चूळ भरताना, दात घासताना, कधी नुसता वारा गालाला लागला तरी विजेचा झटका बसावा तशी कळ येते. काही सेकंदांत जाते, पुन्हा येते. माणसाला वाटतं दाढच दुखतेय. माझ्याकडे एक आजोबा आले होते, त्यांच्या उजव्या बाजूच्या चार दाढा काढून झाल्या होत्या आणि कळ होती तशीच. दाढांचा दोष नव्हताच. बहुतेक वेळा मेंदूजवळ एखादी रक्तवाहिनी या नसेला टेकून ठोके देत असते. कार्बामाझेपिन नावाच्या गोळीनं यातल्या पुष्कळांना आराम पडतो. दाढ काढण्याआधी कळ किती वेळ टिकते, हे दातांच्या डॉक्टरांना नक्की सांगा. दाढेचं दुखणं तासन् तास ठणकतं, या नसेची कळ सेकंदांत येते आणि जाते.

नागीण चेहऱ्यावर आली की तीही याच फांद्यांच्या हद्दीत येते, म्हणून ती कपाळाच्या मध्यावर येऊन थांबते, पलीकडे जात नाही. नागिणीनं वेढा पूर्ण केला की माणूस मरतो, असं लोक घाबरवतात. ते खरं नाही. पण फोड नाकाच्या शेंड्यावर दिसले तर त्याच दिवशी डोळ्यांचा डॉक्टर गाठा, कारण नाकाचा शेंडा आणि डोळ्याचा आतला भाग एकाच उपफांदीवर आहेत.

पाचवी आणि सातवी या दोघी एकदम जायला लागल्या तर काय होतं, हे आपल्या विदर्भानं फार जवळून पाहिलंय. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाणांनी १९३६ मध्ये आणि वरोऱ्याला बाबा आमट्यांनी १९४९ मध्ये कुष्ठरुग्णांसाठी काम उभं केलं. कुष्ठरोगाच्या जंतूला शरीराचे थंड, कातडीलगतचे भाग आवडतात. डोळ्याभोवती जाणारी सातव्या नसेची फांदी गालाच्या हाडावरून कातडीच्या अगदी खालून जाते. ती गेली की डोळा मिटत नाही. त्यातच पाचव्या नसेची संवेदना गेली तर डोळ्यात कचरा गेलेलाही कळत नाही. मिटत नाही आणि खुपतही नाही, असा डोळा हळूहळू जातो आणि माणसाला पत्ता लागत नाही. आज गोळ्यांनी कुष्ठरोग पूर्ण बरा होतो, पण गेलेली नस गोळी परत आणत नाही. म्हणून चेहऱ्यावर बधिर चट्टा दिसला की तो लपवू नका. आशाताई तपासणीला येते तेव्हा तिला दाखवा.

पापण्या जड होतात तेव्हा

तिसरी, चौथी आणि सहावी या तिघी मिळून डोळे फिरवतात. एका डोळ्याला सहा स्नायू. त्यातले चार तिसरीकडे, शिवाय पापणी उचलणं आणि बाहुली लहान करणं हेही तिच्याकडे. चौथी आणि सहावी एकेक स्नायू सांभाळतात. चौथी अगदी बारीक, आणि बारांमध्ये ही एकटीच मेंदूच्या पाठीमागून निघते. ती दुखावली तर माणसाला विहिरीच्या पायऱ्या उतरताना एकाच्या दोन पायऱ्या दिसतात, कारण खाली आणि नाकाकडे बघायचं काम तिचं.

मोटरसायकलवरून पडून डोक्याला मार लागलेल्या माणसाच्या डोळ्यांत आम्ही बॅटरी मारून पाहतो, ते तिसरीसाठी. कवटीत रक्त साचलं की फुगलेला मेंदू या नसेवर रेलतो. बाहुली लहान करणारे तंतू नसेच्या बाहेरच्या अंगाला असल्यामुळे आधी तेच चेंगरतात, आणि त्या बाजूची बाहुली मोठी होऊन तशीच राहते. शुद्ध हरपत चाललीय आणि एक बाहुली मोठी दिसतेय, तर मग एक मिनिटही दवडायचं नसतं.

आपल्याकडे पापण्या जड होण्याचं एक कारण पावसाळ्यात वारंवार येतं, ते म्हणजे मण्यार. जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेल्या माणसाला ती रात्री चावते. दुखत नाही, सूज नाही, दाताची खूणही सापडत नाही. पहाटे पोट दुखतं, मग पापण्या उचलत नाहीत, एकाचे दोन दिसतात, घोट गिळवत नाही, बोलणं घोगरं होतं आणि शेवटी श्वास थांबतो. क्रम पाहिला तर कवटीच्या नसांची हजेरी चालली आहे असं वाटतं. प्रत्यक्षात नसा शाबूत असतात. नस जिथे स्नायूला भेटते त्या सांध्यावर विष बसतं आणि हुकूम पलीकडे जात नाही.

म्हणूनच एक फार महत्त्वाची गोष्ट. असा माणूस मेल्यासारखा निपचित पडला, पापणीही हलली नाही, तरी त्याला ऐकू येत असू शकतं. ऐकण्याची आठवी नस स्नायूंवर अवलंबून नाही, ती फक्त खबर आत नेते. त्याच्या उशाशी "संपलं आता" म्हणू नका. श्वास देत, जमलं तर तोंडानं देत, त्याला दवाखान्यात न्या. सर्पदंशावरची लस मण्यार, नाग, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालते, आणि कृत्रिम श्वासावर ठेवलेले रुग्ण काही दिवसांनी उठून बसलेले मी पाहिलेत.

भटकी नस आणि फवारणी

दहावी नस व्हेगस. लॅटिनमध्ये या शब्दाचा अर्थ भटकणारी. नाव शोभतं, कारण बाकीच्या मुख्यतः डोक्यामानेतच थांबतात आणि ही घसा, स्वरयंत्र, फुप्फुसं, हृदय, जठर करत मोठ्या आतड्याच्या बऱ्याच भागापर्यंत जाते. हिच्यातले बहुसंख्य तंतू, पाचात चार म्हणा, हुकूम नेत नाहीत, आतड्याकाळजाची खबर मेंदूला देतात. इंजेक्शनची सुई पाहून धडधाकट गडी चक्कर येऊन पडतो तो हिच्यामुळेच. ती हृदयाला एकदम "थांब" म्हणते, नाडी मंदावते, रक्तदाब पडतो.

ही नस हृदयाला "थांब" कसं सांगते, हे ऑटो लोवी यांनी १९२१ मध्ये बेडकाच्या हृदयांवर दाखवलं. एका हृदयाची व्हेगस चेतवली, ते मंदावलं. त्याच्याभोवतीचं द्रावण घेऊन दुसऱ्या हृदयाला दिलं, तेही मंदावलं. म्हणजे नसेच्या टोकाशी काहीतरी रसायन सुटत होतं. ते ॲसिटिलकोलिन. या कामासाठी लोवी यांना हेन्री डेल यांच्यासोबत १९३६ चं नोबेल मिळालं. काम झालं की शरीर ते रसायन लगेच पुसून टाकतं, नाहीतर हुकूम थांबायचाच नाही.

मोनोक्रोटोफॉससारखी ऑरगॅनोफॉस्फेट कीटकनाशकं नेमकं हे पुसणंच बंद पाडतात. अळीच्या बाबतीत तसंच आणि माणसाच्याही. मग तिसरी, सातवी, नववी आणि दहावी, ज्या चार नसांतून हे रसायन बाहुली, अश्रू, लाळ, श्वासनळ्या आणि हृदयापर्यंत जातं, त्या सगळ्या एकदम अखंड हुकूम देत सुटतात. बाहुली टाचणीच्या टोकाएवढी. डोळ्यांतून, तोंडातून पाणी. छातीत खरखर. नाडी बहुधा मंद. फवारणी करून आलेला माणूस "डोळ्यापुढं अंधारी येते, तोंडाले पानी सुटते" म्हणतो तेव्हा तो या चार नसांबद्दलच बोलत असतो. ॲट्रोपिनचं इंजेक्शन त्या रसायनाची वाट अडवतं. छातीतली खरखर थांबेपर्यंत ते पुन्हा पुन्हा द्यावं लागतं.

२०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर गेले, शेकडो भरती झाले. औषधं आणि त्यांची मिश्रणं वेगवेगळी होती. वाऱ्याच्या दिशेनं तोंड करून, उंच वाढलेल्या पऱ्हाटीत, ओल्या शर्टानं तासन् तास फवारणं, हे मात्र बहुतेक ठिकाणी सारखं होतं. विष फक्त तोंडातून जातं असं नाही, कातडीतून भरपूर जातं. अशा माणसाचे कपडे आधी उतरवा, साबणपाण्यानं अंग धुवा, आणि औषधाची बाटली सोबत घेऊन दवाखान्यात आणा.

उरलेल्या

पहिली वासाची. तिचे तंतू नाकाच्या छतातल्या चाळणीसारख्या हाडातून वर जातात, त्यामुळे डोक्याला मार लागला की तिथेच तुटतात आणि माणसाला फोडणीचा वास येईनासा होतो. दुसरी दृष्टीची, तिच्यात दहा लाखांच्या आसपास तंतू. टीबीच्या औषधातली इथॅम्ब्युटॉल ही गोळी क्वचित तिला त्रास देते. लाल-हिरव्यातला फरक पुसट झाला किंवा नजर अंधुक झाली तर डॉक्टरांना लगेच सांगावं, गोळ्या मात्र मनानं बंद करू नयेत. आठवी ऐकण्याची आणि तोल सांभाळण्याची. अकरावी खांदे उडवायची आणि मान वळवायची. मानेतली गाठ काढताना ती दुखावली तर डोक्यावरची घागर धरायला हात वर जात नाही. बारावी जिभेची, आणि ती एका बाजूला गेली तर बाहेर काढलेली जीभ त्या दुबळ्या बाजूलाच वळते.

नववी घशाची, जिभेच्या मागच्या भागाच्या चवीची, गालातल्या मोठ्या ग्रंथीच्या लाळेची. हिच्याबद्दल एक गोष्ट खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं मिश्रण, खाणाऱ्यांनी ऐकावी. घसा आणि कानाचा आतला भाग यांची संवेदना हीच नस नेते. जिभेची पुढची बाजू आणि कानाचा बाहेरचा भाग पाचवी नेते. त्यामुळे जिभेवर किंवा घशात न भरणारी जखम असली तरी दुखतो तो कान. महिनाभर एका बाजूचा कान दुखतोय, कानात मळ नाही, पू नाही, आणि माणूस खर्रा खातो, तर मी कान सोडून तोंडात बॅटरी मारते. अशा दोन जखमा मला कानाच्या तक्रारीतून सापडल्या आहेत.

काकू तीन आठवड्यांनी आल्या तेव्हा उजव्या कपाळावर एक पुसट आठी दिसू लागली होती. संक्रांतीनंतर आल्या तेव्हा डोळा पूर्ण मिटत होता, चूळ गळत नव्हती. मुलगा पेढे घेऊन आला होता. पण काकूंना एक शंका होती. "मॅडम, हासली का उजवा डोया आपोआप बारीक होते."

सुजून तुटलेले तंतू पुन्हा वाढतात, दिवसाला साधारण एक मिलिमीटर. वाढताना कधी कधी ओठाकडे जायची तार डोळ्याच्या स्नायूला जाऊन मिळते. मग ओठाला दिलेला हुकूम डोळाही ऐकतो. काही जणांत लाळेचे तंतू अश्रूंच्या ग्रंथीला जोडले जातात आणि जेवताना त्या डोळ्यातून पाणी येतं. मी त्यांना हे समजावलं, आरसा समोर ठेवून हळूहळू हसायचा व्यायाम दाखवला. त्यांनी भिंतीवरच्या आरशात पाहून दोनदा करून बघितलं. दुसऱ्या वेळी डोळा थोडा कमी मिटला.